घुमाची जोडकथा आणि राहीबाईचा डोळा

मी एक जुनी जोडकथा, म्हणजे मोठ्या कादंबरीला जोडलेलं बारकं पुस्तक आहे, मित्रांनो. उणीपुरी चाळीस पानं, मधोमध दोन टाचण्या, त्यातली एक गंजलेली. माझ्याकडे बघून कुणाला भीती वाटणार नाही. पण एकदा मला माझीच अशी भीती वाटली, की आजही कुणी मला उघडलं तर माझी पानं थरथरतात. लोकांना वाटतं वारा आला. वाटू दे बापडं.

आमचं घराणं मोठं. ‘पाताळवेल’ नावाची अद्भुत कादंबरी पाच जाडजूड भागांत छापली गेली. चित्रांगी नावाची मुलगी पाताळातल्या वेलीवर चढत चढत, सात दारं ओलांडून घरी येते, अशी ती गोष्ट. या पाच थोरल्यांच्या पाठीवर ठसठशीत आकडे होते. आम्ही तिघी धाकट्या, पातळ. मोठ्या भागांत ज्यांचा शेवट दोनच ओळींत उरकला, त्यांची हकीकत आमच्यात. आम्हाला आकडा छापायचा म्हटलं तर पाठच कुठे होती! मग आम्हाला वाचायचं कधी? आधी, मधे, की शेवटी? लेखकाच्या मनात होतं, शेवटी. पण तसं कुठे लिहून ठेवायचं त्या शहाण्याला सुचलं नाही.

माझ्यात घुमाची गोष्ट आहे. घुमा म्हणजे चित्रांगीला खांद्यावर घेऊन फिरणारा मुका राक्षस. तिसऱ्या भागात फक्त एवढंच येतं, की तो दाराशी मागे राहिला. का राहिला, ते माझ्यात. पोरगी निसटावी म्हणून तो मिटत चाललेलं दार पाठीने रेटून धरतो आणि पायांपासून हळूहळू दगड होत जातो. शेवटी नुसते डोळे उरतात, तिच्या वाटेकडे लागलेले.

नगरच्या एका वाचनालयात मी वाढले. मला वाचून जो तो रडायचा. एक मिशाळ हवालदार तर टोपीत तोंड खुपसून हुंदके देत होता. ग्रंथपाल म्हणायचे, “बारकी आहे, पण भल्याभल्यांना रडवते.” हे ऐकून मी अशी फुगायचे, की कपाटात शेजारणींना जागा उरायची नाही.

माझा तो तोरा एकोणीसशे एकाहत्तरच्या थंडीत उतरला. पारनेरला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथे रोग्यांची देखभाल करणारे काकासाहेब मास्तर आम्हा आठही जणींना पिशवीत घालून घेऊन गेले. वर्गातली बाकं काढून सतरंज्या टाकलेल्या. मोतीबिंदू काढलेली माणसं ओळीने उताणी, डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या.

त्यात राहीबाई होती. तिचा एक डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. उरलेल्या एकाचं आता ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, पुंजारामला, माझ्यासमोर बजावलं, “आठ दिवस मान हलवायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही. टाका उसवला तर हाही डोळा जाईल.”

रडायचं तर मुळीच नाही! मित्रांनो, पिशवीत मला दरदरून घाम फुटला म्हणा. अहो, मला दुसरं येतंच काय?

काकासाहेब पुंजारामला म्हणाले, “मोठे भाग ओळीनं वाचा. बारकी पुस्तकं जमतील तशी.” जमतील तशी! मास्तरांनी आम्हाला उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

पुंजाराम गावच्या देवळात दर श्रावणात पोथी वाचायचा. तीस वर्षांत त्याने एक अक्षर गाळलं नव्हतं. त्याला वाचायची तेवढीच एक रीत ठाऊक. हातपाय धुवायचे, पुस्तक घोंगडीच्या घडीवर ठेवायचं, नमस्कार करायचा आणि संथ सुरात सुरू. आख्खा वर्ग कान देऊन ऐकायचा. राहीबाईचा जीव घुमावर जडला. “माझा घुमा कुठवर आला वो?” असं ती सकाळी उठल्या उठल्या विचारायची. तिला मूलबाळ नव्हतं.

चौथ्या दिवशी दुसरा भाग संपला. पुंजारामने तिसरा उचलला, तर त्याच्या वेष्टनावर घुमाचं चित्र. आणि माझ्याही. त्याने दोन्ही शेजारी धरून पाहिलं.

“हे माहात्म्य दिसतंय,” तो म्हणाला. “मोठ्या पोथीचं माहात्म्य बारकंच असतं. आन् ते आधी वाचायचं असतं.”

मेले! मी पानं एकमेकींना घट्ट चिकटवून धरली. त्याने बोटाला थुंकी लावली आणि ती सुटी केली. पान दहा झालं, वीस झालं. घुमाने चित्रांगीला खांद्यावरून उतरवलं. राहीबाईचे ओठ हसत होते, आणि मला पुढचं सगळं पाठ होतं! तोंड असतं तर ओरडले असते, बाबा, मिट मला, फेक मला, चुलीत घाल!

तेहतिसाव्या पानावर घुमाचे पाय दगड झाले. पुंजाराम वाचता वाचता थांबला. त्याची नजर पुढच्या ओळींवरून धावली आणि चेहरा पांढराफटक पडला.

शेजारच्या अंथरुणावरून रतनबाई म्हणाली, “दादा, थांबू नगा. अर्धा अध्याय सोडला तर बाधतं.”

राहीबाईची हनुवटी थरथरू लागली. “अवो, काय झालं माझ्या घुमाचं? दगुड झाला का त्यो?”

वाचावं तर डोळा जातो, थांबावं तर बाधतं.

मग पुंजाराम वाचू लागला. पण ती अक्षरं माझ्यात नव्हती! “घुमानं... घुमानं पाय झटाकला. दगडाची टरफलं उडाली. दार गेलं मोडून. मग त्याला लई भूक लागली. त्यानं सात भाकरी खाल्ल्या. ठेच्यासंगं. आन् गेला चित्रांगीच्या मागं.” आवाज खणखणीत होता, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याने मला बाजूला धरलं होतं, हुंदका तिच्या कानावर जाऊ नये म्हणून तोंड वळवलं होतं. राहीबाईने सुस्कारा सोडला. हनुवटी थांबली.

नंतर त्याने मला ओसरीवर नेलं आणि कपाळाला लावलं. “म्या तुझी अक्षरं बदलली,” तो कुजबुजला. “त्याचं काय व्हायचं ते माझं व्हवो. तिचा डोळा तेवढा ऱ्हाऊ दे.” त्याचं कपाळ गार पडलं होतं. तिसऱ्या भागात घुमा मागे राहिल्याची ओळ आली, तीही त्याने गाळली. ते चार दिवस आम्ही दोघंही भीतीनं अर्धमेले झालो होतो.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. राहीबाईने डोळा किलकिला केला. मग ती पुंजारामला म्हणाली, “तुमची दाढी लई वाढली वो.”

दीड महिन्याने चष्मे द्यायला शिबिर पुन्हा भरलं, काकासाहेबांच्या पिशवीतून आम्हीही गेलो, आणि राहीबाई चष्मा घ्यायला आली. जाड भिंगांतून तिने आमची पिशवी हुडकली, मला बाहेर काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

“आता खरं वाचा,” ती म्हणाली.

“खरं म्हंजी?”

“पाताळात ठेचा कुठनं आला? अवो, तीस वरसं तुमचं वाचन ऐकतीया. तुमी वाचत व्हता का रडत व्हता, त्ये मला उमगत न्हाई व्हय?”

“मंग तवा बोलली का न्हाईस?”

“बोलले असते तर रडले असते.” तिने पदर सावरला. “डागतराला इचारून आले मी. आता रडलेलं चालतंय.”

पुंजारामने हातपाय धुतले आणि एक अक्षर न गाळता मला वाचलं. राहीबाई घुमासाठी पोटभर रडली. मधेच चष्मा काढून पुसायची आणि म्हणायची, “हां, वाचा पुढं.”

आता मी वाचनालयात अगदी खालच्या फळीवर असते. वर्षानुवर्षं कुणी काढत नाही. तुम्ही काढलंत तर मला पाचव्या भागानंतर वाचा, मित्रांनो. आणि कुणाला वाचून दाखवणार असाल, तर मला उघडण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, बाबा रे, आज तुला रडलेलं चालेल ना?