महिन्याला संपणारी बाटली

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि दोन वर्षं पाऊस नव्हता. माझे पती शिवमूर्ती नव्या कलेक्टर कचेरीत टँकरचं काम बघत, मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आमची मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली, वजनाने कमी. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायला सांगितले. झळा लागतात म्हणून ती दिवसभर घरातच असे, अंगाला ऊन नाही, त्यामुळे सगळी भिस्त थेंबांवर. दीड महिन्याने मी कामावर गेले आणि थेंब द्यायचं काम सासूबाईंकडे, गुरम्मांकडे, आलं.

त्यांना एकच शंका होती. असली औषधं माशाच्या तेलाची असतात, आणि आम्ही लिंगायत, मासे-मांस वर्ज्य, लेकराच्या गळ्यात लिंग बांधलेलं. म्हणून मी कंपनीला पत्र टाकून विचारलं होतं. हे थेंब यीस्टपासून केलेले, माशाचा संबंध नाही, असं उत्तर आलं. ते मी शिवमूर्तींना वाचून दाखवलं, कारण सासूबाई त्यांचं ऐकत. आईला मी सांगतो, ते म्हणाले.

बाटली बरोबर महिन्याला संपे. मी नवी आणी.

पाचव्या महिन्यात तिचं डोकं पुसताना मागचं हाड बोटाखाली दबलं. मी तिचं रक्त स्वतः तपासलं. ड जीवनसत्त्व थेट मोजायची सोय आमच्याकडे नव्हती, पण ते कमी पडलं की रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं. बाळांमध्ये ते जास्त असतंच. हे त्याच्याही तिप्पट होतं. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. तेवढंच आलं.

दुपारीच घरी आले. नळाला आठ दिवसांनी पाणी येई, त्यामुळे मोरी कोरडी असे. कोपऱ्यात चिकट डाग होता आणि त्यावर मुंग्या. वास थेंबांचा.

सासूबाईंनी काही लपवलं नाही. "माशाचं तेल लेकराच्या तोंडात कसं घालू? शिवमूर्तीच म्हणला, रोज तेवढं मोरीत टाक, म्हंजे बाटली येळेवर सरंल."

शिवमूर्ती जेवायला बसले होते. पत्राचं आईंना सांगितलं नाही का, मी विचारलं.

"सांगून ती ऐकली असती? रोज तुमचं दोघींचं भांडण झालं असतं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

ते भाकरी कुस्करत राहिले.

मी पत्र काढून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मग लेकाला म्हणाल्या, "मला कशाला ह्या पापात घातलास रे?"

डॉक्टरांनी मोठा डोस दिला. हाडं घट्ट व्हायला काही महिने लागतील. आता थेंब मी पाजते, सकाळी, कामावर जाण्याआधी. कचेरीला निघताना शिवमूर्ती विचारतात, दिलेस का. मी हो म्हणते. त्यांना माझ्या शब्दावर भरवसा आहे.