दे इकडे

लांब पल्ल्याच्या शर्यतींची ती माणसं सायकलच्या दुकानात आली की मिस्त्री त्यांना तीनपाट म्हणत. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, तेही एकाच दिवशी, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत; आणि एवढं करून मिळतं काय, तर गळ्यात अडकवायला एक बिल्ला. तीन खेळ, आणि एकाचाही धड पत्ता नाही. तोंडावर म्हणत नसत, गिऱ्हाईकाची पाठ वळली की म्हणत. पण दुकान एवढंसं होतं की पाठ वळलेल्याला ऐकू जायचंच.

त्यांच्या सल्ल्यांचा तर मिस्त्रींना उबग आला होता. दर वीस मिनिटांनी दोन घोट. सुरुवातीला दम राखा. शर्यतीच्या दिवशी नवीन मोजेसुद्धा घालू नका. अरे, मोजे घालायलाही माणसाला गुरू लागतो? दुकानात उभं राहून हे लोक एकमेकांना असलं ज्ञान पाजत, आणि समोर टांगलेल्या स्वतःच्या सायकलचं मागचं चाक काढायला सांगितलं तर गाईच्या गोठ्यात शिरल्यासारखे पाय चोरत उभे राहत.

त्यातला सगळ्यात वरचा नग म्हणजे दातवाला डॉक्टर. गोलमटोल, घामट, कायम माफी मागितल्यासारखा बोलणारा. चार वर्षांत एकदाच शर्यत पुरी केली होती, तीही शेवटून तिसरा. त्याने एकदा बिचकत विचारलं होतं, "मिस्त्री, पंक्चर काढायला शिकवाल का? शर्यतीत झालं तर दुसऱ्याची मदत चालत नाही."

"डॉक्टर," मिस्त्री म्हणाले, "मी तुमच्याकडे येतो तेव्हा माझा दात मी उपटतो का? द्या इकडे."

दुकानातले सगळे खो खो हसले. डॉक्टरही हसला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

आणि नशीब कसं थट्टा करतं बघा, मिस्त्रींची स्वतःची पोरगी त्या तीनपाटांतच जाऊन बसली. वय एकतीस, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, चांगली शहाणीसुरती. पण डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. गेल्या वर्षी सायकलची वेळ संपली तेव्हा ती सात मिनिटं मागे होती. मागे राहिलेल्यांना उचलणाऱ्या गाडीत बसून ती परत आली, आणि दारातच मिस्त्री म्हणाले, "आलीस का केराच्या गाडीतून?" गंमत केली होती हो त्यांनी! पोरगी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी आईला म्हणाली, "अजून एकदा. या खेपेला जमलं नाही तर सायकल कुणाला तरी देऊन टाकते आणि विषय संपवते." आईने ते मिस्त्रींना सांगितलं. वर म्हणाली, "या वेळी तोंड जरा आवरा."

फ्रिजवर तिने शर्यतीच्या सल्ल्यांचा कागद चिकटवला होता. मिस्त्री चहा घेता घेता तो नाटकातल्यासारखा मोठ्याने वाचत. सातव्या ओळीवर मात्र त्यांचं टाळकं सरकलं. 'पंक्चर स्वतः काढण्याचा किमान दहा वेळा सराव करा.'

"मिस्त्रीच्या पोरीला पंक्चरचा सराव? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

तरी एका सुट्टीला ती मागच्या अंगणात चाक घेऊन बसली. मिस्त्री अर्धा मिनिट पाहत राहिले. त्याच्यापुढे काही त्यांना धीर धरवेना.

"टायर उचकटायची पट्टी कशी धरलीस ती? दात कोरतेस का? दे इकडे."

दीड मिनिटात टायर उतरला, ट्यूब बदलली, टायर चढला. पोरीने हात पुसले आणि ती आत गेली. आपण पोरीचं काम हलकं केलं, असं मिस्त्रींना मनापासून वाटलं. त्यानंतर ती अंगणात बसली नाही, आणि दर रविवारी सकाळी दोन तास बाहेर जाऊ लागली. कुठे, ते मिस्त्रींनी विचारलं नाही. तीनपाटांच्या कवायती, दुसरं काय!

शर्यतीच्या दिवशी मिस्त्री स्कूटर घेऊन कालव्याकाठच्या वळणावर जाऊन उभे राहिले. तिथून सायकल संपायला चाळीस किलोमीटर उरत, आणि पाच वाजता वेळ संपायची. ती तीनपर्यंत आली तर वीसेक मिनिटं हाताशी, असा त्यांचा हिशेब. तीन वाजले. तीन वाजून पाच मिनिटं झाली. वेडेविद्रे लोक झुंडीने गेले, पोटं सुटलेले गेले, एक सत्तरीचे आजोबासुद्धा गेले. पोरगी येईना. मिस्त्री रस्त्याच्या कडेने उलट चालत निघाले.

वळणापलीकडे ती मातीत बसली होती. मागचं चाक मांडीवर, बाजूला एकुलती एक नवी ट्यूब. शेजारी मोटारसायकल लावून पिवळ्या जाकिटातली एक पंच उभी होती.

मिस्त्रींचा हात आपोआप पुढे गेला.

"काका, थांबा," पंच म्हणाली. "हात लावलात तर ती बाद. काही सांगितलंत तरी बाद."

मिस्त्रींनी हात खिशात कोंबले. पट्टी पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा निसटली. तिसऱ्यांदा टायर सुटला, जुनी ट्यूब बाहेर आली, आणि पोरीने सरळ नवी ट्यूब उचलली. अगं बाई! टायरच्या आतून बोट फिरव ना आधी! ज्याने पहिली ट्यूब फोडली ते आतच बसलंय, ते दुसरीही फोडेल, आणि तिसरी तुझ्याकडे नाही! मिस्त्रींच्या घशापर्यंत सगळं आलं. ते खाकरले. पंचाने मान वळवून पाहिलं.

पोरीनेही वर पाहिलं. "बाबा, तिकडे तोंड करून उभे राहा."

"मी बोललो का काही?"

"बोलायला कशाला पाहिजे? तोंड दिसतंय ना तुमचं."

मिस्त्री वळले. कालव्यात एक प्लास्टिकची बाटली झुडपाला अडकून गोल गोल फिरत होती, तिच्याकडे बघत राहिले. मागे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग पंप. एक, दोन, तीन... ते पंचेचाळीसपर्यंत मोजत गेले. मग चाक बसल्याचा खटका, चेनची खरखर, आणि ते मागे वळले तेव्हा ती वळणाशी पोचली होती.

"छान काढलं हो तिने," पंच हेल्मेट चढवत म्हणाली. "तारेचा तुकडा होता आत. तुम्ही वळलात, तिने एक श्वास घेतला आणि टायरमधून बोट फिरवलं. तुमची मुलगी का?"

"मिस्त्रीची पोरगी आहे," मिस्त्रींची छाती फुगली.

"मग तुम्हीच शिकवलं असणार."

"हो, मग!" मिस्त्री म्हणून मोकळे झाले. खोटं बोललो, हे स्कूटरला किक मारताना त्यांच्या लक्षात आलं, पण ते कुणी तपासायला थोडंच येणार होतं?

सायकली संपायच्या जागी कठड्याशी दातवाला उभा होता, टॉवेल गुंडाळून. पोहतानाच पायांत गोळे आले, म्हणून सकाळीच बाहेर पडला होता. हे आमचे बहाद्दर, मिस्त्री मनात म्हणाले.

"पंक्चर झालं होतं तिला," त्यांनी सांगितलं. "नऊ-दहा मिनिटं गेली."

"नऊ?" दातवाल्याचा चेहरा पडला. "माझ्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये सातात काढायची. बोट फिरवलं का पण? ते एक दर वेळी विसरायची."

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या पार्किंगमध्ये?"

"रविवारी जमतो आम्ही आठ-दहा जण. मी आधी पुस्तकं वाचून शिकलो, बऱ्याच ट्यूबा फाडल्या, मग बाकीच्यांना दाखवायला लागलो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. "तुमच्याकडे विचारायची सोय नव्हती ना."

पाचला चार मिनिटं कमी असताना ती आली. सायकलवरून उतरली, रेषा ओलांडली, आणि कोपरापर्यंत काळा झालेला हात उंच करून दाखवला. दातवाल्याला. दातवाला टॉवेलसकट नाचला. मिस्त्रींकडे तिने पाहिलं, मान हलवली, आणि पळायचे बूट घालायला तंबूत गेली.

मिस्त्रींनी खिशातून हात काढले. दिवसभरात त्यांना तेलाचा ठिपका लागला नव्हता.

"तुम्ही या ना एखाद्या रविवारी," दातवाला उत्साहाने म्हणाला. "तुमच्यासारखा माणूस आला तर सगळ्यांनाच..." मग तो थबकला, आणि नेहमीसारखं माफी मागितल्यागत म्हणाला, "म्हणजे, आधी तिला विचारतो हं मी."

"विचारा," मिस्त्री म्हणाले.