मिठाचा बर्फ

राहीलनं जॅकच्या लोखंडी दांड्याचा, टॉमीचा, पहिला तडाखा गाडीला हाणला आणि दुसरा हुझैफाला. गाडीच्या नाकाडावर बसवलेला जादाचा रेडिएटर फाटून हिरवं पाणी भळाभळा वाहिलं. हुझैफाच्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं आणि तो टायरांच्या ढिगावर जाऊन आपटला. दुपारचे बारा वाजलेले, रेवदंड्याच्या रस्त्यावर ही रिक्षांची वर्दळ, पण राहीलनं गॅरेजात शिरल्या शिरल्या शटर खाली ओढलं होतं. घरातलं भांडण बाहेरच्यांनी कशाला बघायचं?

हो, घरातलंच. राहील हुझैफाच्या फुफूचा, म्हणजे आत्याचा, मुलगा. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. वर राहीलची बायको जुनेरा ही हुझैफाची सख्खी धाकटी बहीण. त्या जुनेराचा डावा पाय डॉक्टरांनी काल गुडघ्याखालून काढला. तेव्हा राहीलच्या हातात जॅकची टॉमी कशी आली, हे वेगळं सांगायला नको.

झालं होतं असं. नागावच्या किनाऱ्यावर राहीलचा पाण्यातल्या खेळांचा धंदा. बोटी ट्रॉलीवर चढवायच्या आणि भुसभुशीत वाळूतून वर ओढायच्या, रोज दहा वेळा. जुनी जीप भंगारात गेली, तेव्हा या बहाद्दरानं काय आणावं? मुंबईहून सेकंडहँड हायब्रिड गाडी. पेट्रोल कमी पिते म्हणून. अरे बाबा, बायकापोरांना महाबळेश्वर दाखवून आणणारी ती गाडी, तिला तू बैलाच्या जागी जुंपलीस. आठ दिवसांत तिनं लाल दिवे दाखवायला सुरुवात केली. हे तापलं, ते तापलं, थांबा.

मग हुझैफा पुढे सरसावला. अकरा वर्षं त्यानं कुवेतच्या गॅरेजात हेच काम केलेलं. वाळवंटात गाड्या उकळतात, त्यांना जादाची कूलिंग बसवून द्यायची. त्यानं पुढे दुसरा रेडिएटर लावला. मागच्या सीटच्या बाजूला खाली एक जाळी असते, तिथून बॅटरी हवा ओढते. त्या जाळीमागे त्यानं दुप्पट ताकदीचा पंखा बसवला. गाडी अख्खा सीझन मुकाट्यानं राबली आणि हुझैफाला आभाळ ठेंगणं झालं. रात्री जेवताना तो त्या जाळीची गोष्ट अब्बांना तीन-तीनदा सांगायचा. "अब्बा, गाडी तिथून श्वास घेते. जेवढी गार हवा मिळेल तेवढी ती खूश." अब्बा मान डोलवत ऐकायचे. मुलाची हुशारी ऐकायला कुठला बाप कंटाळतो?

आणि तीन दिवसांपूर्वी, ट्रॉलीवर सगळ्यात मोठी बोट असताना, गाडी चढाच्या मध्यावर एकाएकी मेली. ओढ गेली, दिवे गेले. राहील ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला, पण ओल्या वाळूत चाकं घसरली आणि बोटीच्या वजनानं सगळं लटांबर मागे निघालं. मागून बोटीला हात लावून जुनेरा चालत होती. ट्रॉलीचं चाक तिच्या पायावर चढलं आणि तिथेच थांबलं. सहा माणसांनी ट्रॉली उचलेपर्यंत ती ओरडत होती, नंतर ओरडायचीही थांबली.

गाडी ओढून हुझैफाच्या गॅरेजात आणली. आज सकाळी त्यानं मागची सीट उखडली, पंखा बाहेर काढला, आणि त्याच्या हातातला पाना गळून पडला. पात्यांवर पांढरा थर बसला होता. बॅटरीच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या होत्या. त्यानं थर नखानं खरवडला आणि जिभेवर ठेवला. मीठ.

खाऱ्या वाऱ्यानं एवढं मीठ वीस वर्षांत बसत नाही. जाळीला गोणपाटाचे धागे चिकटले होते, आणि ते धागे हुझैफानं लगेच ओळखले. जुनेरा रोज सकाळी तिच्या आणि राहीलच्या खानावळीसाठी मासळी घ्यायला हीच गाडी घेऊन बंदरावर जायची. बंदरावर अब्बा, म्हणजे अलीमियाँ, बर्फ फोडून विकायचे. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणून काढलेला माणूस, त्यांचा बर्फ म्हणजे मिठाचा. बर्फात जाडं मीठ टाकलं की तो आणखी गार पडतो आणि मासळी कडक राहते. तसला बर्फ गोणपाटात बांधून अब्बांनी रोज त्या जाळीला टेकवून ठेवला होता. लेकीच्या गाडीला गार हवा मिळावी म्हणून. जुनेरालाही त्यात वावगं वाटलं नसणार, अब्बांचं बर्फाचं वेड तिला लहानपणापासून ठाऊक.

कंपनीचा साधा पंखा असता तर चार थेंब आत गेले असते. हुझैफाच्या दांडग्या पंख्यानं ते खारट पाणी ओढून ओढून थेट बॅटरीत नेलं. म्हणजे अर्धं पाप आपलं, हे त्याला तिथेच उमगलं. पण उरलेल्या अर्ध्याचं काय? अब्बांचा सगळा जीव जुनेरात. तिचा पाय आपण घालवला हे त्यांना कळलं, तर हा म्हातारा उद्याचा दिवस बघणार नाही. हुझैफा तो पंखा हातात घेऊन तासभर तसाच बसून राहिला, आणि तो बाकावर ठेवतो तोच राहील आला.

"ऊठ," टायरांच्या ढिगापाशी येऊन राहील म्हणाला.

हुझैफा उठला आणि त्यानं उठता उठता डोकं राहीलच्या तोंडावर घातलं. राहीलचा ओठ फाटला, एक दात जमिनीवर पडला. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात हात घालून ऑइलमध्ये लोळले. राहीलनं त्याचं कपाळ फरशीवर दोनदा आपटलं. हुझैफानं त्याच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. लहानपणीही ते असेच भांडायचे, फक्त तेव्हा फुफू येऊन सोडवायची. शेवटी राहीलचा गुडघा हुझैफाच्या छातीवर आला आणि टॉमी त्याच्या गळ्यावर आडवी पडली.

तिथून राहीलला बाकावरचा पंखा दिसला. त्यानं हात लांबवून तो उचलला, बोट फिरवलं, बोट तोंडात घातलं. किनाऱ्यावरच्या माणसाला ती चव सांगावी लागत नाही.

"मीठ हाय हे," तो म्हणाला. "बॅटरीत मीठ कुणी घातलं?"

राहीलनं टॉमी आणखी दाबली.

"अल्लाची कसम खाऊन सांगतो, ज्यानं घातलं त्याचे हात मी आज ठेवणार न्हाय. मग तो कुणी का असंना. बोल."

हुझैफाच्या डोळ्यांपुढे अब्बांचे हात आले. दोराच्या ओढीनं वाकडी झालेली दोन बोटं, तरी त्याच हातांनी रोज पहाटे बर्फ फोडायचे. आणि राहील शब्दाचा पक्का. लहानपणापासून त्यानं खाल्लेली कसम कधी मोडली नव्हती, हीच तर पंचाईत.

"मी," हुझैफा म्हणाला. "मागच्या महिन्यात पंखा काढून धुतला. विहिरीच्या पाण्यानं."

"ती विहीर खारी हाय. तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. आळस केला."

हा शेवटचा शब्द उच्चारताना त्याला टॉमीच्या तडाख्यापेक्षा जास्त लागलं. अकरा वर्षं परमुलखात राबून कमावलेलं नाव त्यानं एका शब्दात मातीत घातलं. पण त्या शब्दावर राहीलचा विश्वास बसला.

राहीलनं त्याला कॉलर धरून उभं केलं, उजवा हात लोखंडी बाकावर दाबला आणि टॉमी उचलली. हुझैफानं हात मागे घेतला नाही. पहिल्या घावाला मधली बोटं मोडली. दुसऱ्याला अंगठा. तिसऱ्याला पंजाच्या पाठीतून हाड वर आलं आणि हुझैफाच्या घशातून असा आवाज निघाला की राहील स्वतःच दचकला. टॉमी त्याच्या हातातून सुटली. तो टायरावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून ढसाढसा रडायला लागला.

"तिला अजून सांगितलं न्हाय मी," तो म्हणाला. "तिला वाटतंय पाय हाय. बोटं खाजतात म्हणते."

शटर खडखडलं. बाहेरून कुणीतरी ते कमरेएवढं उचललं आणि खालून अलीमियाँ वाकून आत आले. रोज या वेळेला बंदरावरचा उरलेला बर्फ घेऊन ते गॅरेजात यायचे, हुझैफाला गार पाणी पाजायला. खांद्यावर ओलं गोणपाट होतं. त्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, मग बाकावरच्या रक्ताकडे.

"ती तिकडं पडलीय आणि तुम्ही इकडं एकमेकांना मारता," ते म्हणाले. "शरम हाय का काही?"

त्यांनी गोणपाट सोडलं. डोक्याचा रुमाल काढून त्यात बर्फ भरला आणि हुझैफाच्या पंजाभोवती गुंडाळला. हुझैफानं दातावर दात आवळले. दुसरा तुकडा त्यांनी राहीलच्या फाटक्या ओठावर दाबला, तसा राहील कळवळून मागे सरला.

"झोंबणार. मिठाचा हाय. साध्या बर्फापेक्षा गार असतो." म्हाताऱ्यानं त्याची हनुवटी घट्ट धरली. "तुझ्या गाडीला रोज हाच लावायचो मी. त्या जाळीपाशी. जुनेरानं सांगितलं असंल तुला."

राहीलचे डोळे वर आले. त्यानं हुझैफाकडे पाहिलं, बाकावरच्या त्या पांढऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि मग रुमालातून ठिबकणाऱ्या लाल पाण्याकडे तो बघतच राहिला. त्याचा हात हळूहळू खाली गेला आणि जमिनीवरच्या टॉमीवर बसला. हुझैफा कसाबसा उठला आणि अब्बांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. अब्बांना यातलं काही कळलं नाही, ते बर्फ दाबण्यात गुंतले होते.

"बर्फानं गाडी गार चालायची ना रे?" त्यांनी विचारलं. "माझ्या मनात सारखं येतं, त्या दिवशी मी थोडा कमी तर लावला नाही ना."

राहीलच्या हनुवटीवरून बर्फाचं पाणी आणि रक्त एकदमच ओघळत होतं.

"न्हाय मामू," तो शेवटी म्हणाला. "बरोबर लावला होता. गार चालायची."

मग तो टॉमी घेऊन उठला, हुझैफाला वळसा घालून गेला आणि गाडीवर तुटून पडला. आधी पुढची काच, मग बाजूच्या, मग दिवे, मग पत्रा. कसम कुणाच्या तरी अंगावर फेडायलाच हवी होती. काचांचा सडा अब्बांच्या पायापर्यंत आला.

"आता गाडीवर कशाला राग?" अलीमियाँ म्हणाले आणि त्यांनी मुलाच्या हाताला आणखी थोडा बर्फ लावला.