थँक्सगिव्हिंगपर्यंत थांब

आमच्या घरात श्रद्धा दोनच गोष्टींवर आहे. देवघरातल्या गणपतीवर आणि थँक्सगिव्हिंगच्या सेलवर. त्यातला गणपती माझा, सेल देवदत्तचा. मिशिगनमध्ये आल्यापासून माझ्या या नवऱ्याने विजेवर चालणारी एकही वस्तू नोव्हेंबरच्या आधी घेतलेली नाही. एका वर्षी मिक्सर एप्रिलमध्ये जळला, तर आम्ही दिवाळी उलटेपर्यंत खलबत्त्यात चटणी कुटली. आम्ही म्हणजे अर्थात मी.

त्यामुळे जुलैमध्ये मी म्हटलं, की मला नवीन कॅमेरा बॉडी घ्यायची आहे, फुल-फ्रेम, तेव्हा त्याने लॅपटॉपवरून मान वर न करता उत्तर दिलं.

"घेऊ ना. थँक्सगिव्हिंगपर्यंत थांब."

"श्रावण थांबणार आहे का तोपर्यंत?"

"कॅमेऱ्याचा आणि श्रावणाचा काय संबंध?"

संबंध होता. राधिकाची मंगळागौर होती. राधिका इथे ट्रॉयमध्येच जन्मली, वाढली. मे महिन्यात तिचं लग्न झालं. तिला फुगडी घालता येत नव्हती. येत होती ती तिच्या आजीला, रत्नामावशींना. मावशी नागपूरच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. आमच्या भागातल्या निम्म्या मराठी बायकांना झिम्मा त्यांनीच शिकवला आहे. ऑगस्टमध्ये नातीची मंगळागौर करायची आणि सप्टेंबरमध्ये धाकट्या मुलाकडे नागपूरला कायमचं निघून जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. इथल्या थंडीला त्या कंटाळल्या होत्या, आणि कोणी गाडीतून नेल्याशिवाय कोपऱ्यापर्यंतही जाता येत नाही याला त्याहून जास्त.

त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं होतं.

"पद्मिनी, इथं आल्यापासून लोकांनी माझे ढीगभर फोटो काढले. सगळ्यांत मी सोफ्यावर. हातात प्लेट. एअरपोर्टवर व्हीलचेअरमधून उठवलं ते थेट सोफ्यावरच ठेवलं जसं काही. मला फुगडी घालताना काढ. चेहरा दिसला पाहिजे माझा. नुसती धुरकट साडी नको."

"काढते मावशी," मी म्हटलं, आणि त्याच दिवशी त्यांच्या बेसमेंटमध्ये कॅमेरा घेऊन उतरले. मंगळागौर तिथेच व्हायची होती. इथले बेसमेंट म्हणजे खाली कार्पेट आणि वर हाताला लागेल अशा छतात चार पिवळे दिवे. मावशींनी राधिकाचे हात धरून दोन गिरक्या घेतल्या. माझ्या बारा वर्षांच्या जुन्या कॅमेऱ्यात एक जांभळा ढग आला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवून पाहिला, तर मावशींच्या चेहऱ्यावर कोणी रवा सांडल्यासारखे दाणे. फ्लॅश मारला तर त्यांचे डोळे दिपले आणि पाय अडखळला. या वयात फुगडीत तोल गेला तर फोटो नाही, एक्स-रे काढावा लागेल, म्हणून फ्लॅश मी तिथेच बंद केला. राधिकाने फोनवर काढून पाहिला. फोनने मावशींना दोन नाकं दिली.

फुल-फ्रेममध्ये काही जादू नसते. आतला सेन्सर मोठा असतो, आणि वाटीपेक्षा परातीत जास्त मावतं, तसा त्यात उजेड जास्त मावतो. मी एका कंपनीत गाड्यांचे हेडलाइट तपासते. अंधाऱ्या खोलीत उजेड मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्या बेसमेंटमध्ये माझा कॅमेरा कमी पडतोय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तरी शिकवलंच. त्या शनिवारी देवदत्तचे मित्र जेवायला आले होते. कॅमेऱ्याचा विषय निघाला, आणि देवदत्त पोळीचा तुकडा मोडत हसून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. एकाने मला समजावलंही, की वहिनी, कॅमेरा महत्त्वाचा नसतो, नजर महत्त्वाची. हा गृहस्थ दर उन्हाळ्यात गोल्फचे नवे क्लब घेतो. त्याची नजर कुठे जाते आणि चेंडू कुठे जातो, ते मी पाहिलेलं आहे.

"अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं," मी म्हटलं. "आणि मी त्याच्यावर बारा वर्षं नाचतेय. तुमच्या प्रत्येकाच्या हॉलमध्ये माझा एक तरी फोटो फ्रेम करून लावलाय. आमटी वाढू?"

आमटी सगळ्यांनी घेतली.

दोन दिवसांनी देवदत्त तोडगा घेऊन आला. त्याचा चेहरा असा खुलला होता, की मला आधीच धडकी भरली.

"ऐक. आत्ता ऑर्डर करू. तू मंगळागौरीला यूज कर. रिटर्न विंडो आहे महिन्याची. नंतर रिटर्न करू, आणि नोव्हेंबरमध्ये सेम मॉडेल डीलमध्ये घेऊ. सगळे करतात यार. वर्ल्ड कपला टीव्ही आणून फायनलनंतर परत करणारे लोक आहेत आपल्यात."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला फोटो हवा होता. कॅमेरा आला, तेव्हा तो देवदत्तनेच उघडला. चिकटपट्टी सुरीच्या टोकाने अलगद सोडवली, प्लास्टिकच्या पिशव्या घडी घालून ठेवल्या. मागच्या स्क्रीनवरची फिल्म काढायची नाही. नवा पट्टा ओवायचा नाही, त्याला वळ्या पडतात. मी माझा जुना पट्टा लावला, जुनी लेन्स बसवली. इतकं जपून तर आम्ही आमची मुलगी आन्याला हॉस्पिटलमधून घरी आणलं नव्हतं. तिला निदान परत करायचं नव्हतं.

श्रावणातला मंगळवार अमेरिकेत शनिवारी येतो. शनिवारी दुपारी मावशींच्या बेसमेंटमध्ये नऊवारी नेसलेल्या बायका जमल्या. निम्म्या नऊवाऱ्या शिवलेल्या, उरलेल्या सेफ्टी पिनांच्या भरवशावर. पूजा झाली, आरती झाली. खेळ सुरू व्हायच्या आधी मी कोपऱ्यात जमिनीवर बैठक मारून कॅमेरा लावत होते. मावशी हळदकुंकवाचा करंडा घेऊन एकेकीला लावत माझ्यापाशी आल्या. वाकून माझ्या कपाळाला लावलं. मग त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं.

"नवा आहे का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट कॅमेऱ्यावर टेकवलं. नेमकं हाताची पकड असते त्या खरखरीत रबरावर. नवी वस्तू दिसली की आपल्याकडे हात आपोआप करंड्याकडे जातो. गाडी असो, फ्रीज असो.

"अहो मावशी, तो परत करायचाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"परत? का बाप्पा? बिघडला का?"

"बिघडला नाही. आजच्यापुरता आणलाय. नंतर परत द्यायचा आणि सेलमध्ये पुन्हा घ्यायचा, असं देवदत्तचं..."

मावशी रागावल्या नाहीत. त्यांना ते खरोखरच समजत नव्हतं.

"साडी नेसून दुकानात परत देतं का कोणी?" त्या म्हणाल्या. "तू मागितला होता ना हा कॅमेरा? तुझा हात पाहा, कसा बसलाय त्याच्यावर." आणि त्या पदर खोचत मधोमध गेल्या. "चल गं राधिका. मोजे काढ, घसरशील."

"Aaji, slow, okay?" राधिका म्हणाली.

"स्लो फुगडी नसते," मावशी म्हणाल्या.

हात गुंफले, पाय जुळवले, दोघी मागे रेलल्या आणि फिरायला लागल्या. बायका गोल उभ्या राहून टाळ्या देत होत्या. मी जमिनीलगत, डोळा कॅमेऱ्याला लावून. शटर जितकं जलद न्यायचं होतं तितकं नेलं. जुन्या कॅमेऱ्याने एवढ्यात हात टेकले असते. हा मुकाट्याने काम करत राहिला. मावशी माझ्या बाजूला तोंड करून येत होत्या आणि जात होत्या, आणि दर वेळी त्यांचा चेहरा आधीपेक्षा तरुण दिसत होता. मी रडत होते. खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी चहाबरोबर मी तो फोटो लॅपटॉपवर उघडला. मावशींची मान मागे टाकलेली, तोंड उघडं, वेणी आडवी उडालेली, हातावरच्या शिरा ताणलेल्या. डोळे लख्ख, थेट माझ्याकडे. मागे टाळ्या देणाऱ्या बायका पुसट होऊन गेलेल्या. देवदत्त पाठीमागे येऊन उभा राहिला.

"भारी आलाय," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. मग त्याला टेबलावरचा कॅमेरा दिसला. "हे काय लागलंय ह्याला?"

"हळदकुंकू. मावशींनी लावलं."

"आणि तू लावू दिलंस?"

तो स्पिरिटचे कागद आणि जुना टूथब्रश घेऊन आला आणि खुर्चीत बसून कॅमेरा घासायला लागला. कुंकू बरंचसं निघालं. हळद रबराच्या खाचांत मुरली होती.

"जात नाहीये यार. काळ्या मार्करने थोडं कव्हर केलं तर दिसणार नाही. मी आज पॅक करतो, उद्या ड्रॉप करतो. तुझा फोटो तर झाला ना आता."

मला राग आला, आणि तो गिळायचं काही कारण मला दिसलं नाही. मी त्याच्या हातातून टूथब्रश काढून घेतला.

"तू बार्बेक्यूची ग्रिल आणलीस ती परत करायला आणलीस? तुझा मॉनिटर? तुझी सायकल, जी गराजमध्ये उलटी टांगलीय? तुझी वस्तू येते ती घरची होते, देवदत्त. माझी येते ती पाहुणी. एका कार्यक्रमापुरती."

"असं मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पॅक करायला घेतलंस."

"अगं, फक्त नोव्हेंबरपर्यंतचा प्रश्न आहे."

"एक फोटो मिळावा म्हणून मी कॅमेरा मागितला नव्हता. मी फोटो काढते. तुझ्या मित्रांच्या मुलांच्या मुंजी, ग्रॅज्युएशन, आन्याची प्रत्येक स्विम मीट. तुला वाटतं मी कार्यक्रमाला जाते आणि सहज हातात कॅमेरा असतो. मला हे काम चांगलं येतं. आणखी चांगलं करायचंय. आणि त्यासाठी मी मार्कर लावून कुठलीही वस्तू परत करणार नाही."

मी स्क्रीनवरची फिल्म टोकाला धरून ओढली. नवा पट्टा काढून ओवला, वळ्या पाडून. खोका पायाखाली चपटा केला आणि रीसायकलच्या डब्यात टाकून आले. परत आले तेव्हा देवदत्त तिथेच बसलेला होता.

"रिसीट तरी ठेव," तो म्हणाला.

"ठेवते," मी म्हटलं. एवढं मी त्याच्यासाठी करू शकत होते.

मावशींना फोटो मोठा प्रिंट करून, नळीत गुंडाळून दिला. राधिकाच्या बाबांनी तो पाहून विचारलं, की आईचा असा फोटो लावणार कुठे, पदर सुटलाय, तोंड उघडं आहे. मावशींनी नळीचं झाकण लावलं आणि ती हँडबॅगेत उभी ठेवली. सप्टेंबरमध्ये त्या गेल्या.

नोव्हेंबर आला. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी देवदत्तने फोन माझ्यापुढे धरला. तोच कॅमेरा, खूपच स्वस्त, वर मेमरी कार्ड फुकट. "बघ, मी सांगत होतो," तो म्हणाला. खरंच सांगत होता. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. पण नोव्हेंबरमध्ये मावशी नागपुरात आहेत." तेवढ्यात त्यांचाच व्हिडिओ कॉल आला.

"दाखवते थांब," मावशी म्हणाल्या आणि फोन फिरवला. बैठकीच्या खोलीत, दारातून आल्या आल्या दिसेल अशा भिंतीवर माझा फोटो होता, चांगल्या सागवानी फ्रेममध्ये. त्याला झेंडूचा ताजा हार घातलेला होता.

मी फोन डोळ्यांजवळ नेला. देवदत्तही पुढे वाकला. जिवंत माणसाच्या फोटोला हार आपल्याकडे कोणी घालत नाही.

"मावशी, हे काय? हार कोणी घातला?"

"मीच," फोटोवरच्या हाराच्या आडून त्यांचा आवाज आला. मग चेहरा आला, तोंडात काहीतरी चघळत असलेला. "मी गेल्यावर हे लोक हा काढून सोफ्यावरचा लावतील. तेव्हा मी अडवायला येणार आहे का? म्हणून आत्ताच घालून टाकला. सून म्हणते अपशकुन होतो. म्हटलं, ज्याला होतो त्याने डोळे मिटावे. रोज सकाळी नवा घालते आणि समोर बसून चहा पिते."