वितळलो, कारण मला घट्ट धरलं होतं

मी एक जुना पांढरा खडा आहे, मित्रांनो. पनवेलच्या ज्यू कबरस्तानात, जोकबेदबाईंच्या कबरीवर माझा मुक्काम असतो. पुस्तकात मला कॅल्साइट म्हणतात.

फार फार पूर्वी मी समुद्रातला शिंपला होतो. शिंपले तळाशी निजले, त्यांचा थर झाला. समुद्राचा तळ सरकत असतो, आपली नखं वाढतात तितक्या संथपणे. सरकता सरकता तो पृथ्वीच्या पोटात शिरला आणि मलाही घेऊन गेला. खाली, आणखी खाली. धग वाढत गेली. माझ्या अंगात एक वायू बांधलेला असतो. तो सुटायला धडपडत होता. पण चहूबाजूंच्या दगडांनी मला असं आवळलं होतं, की त्याला फट सापडेना. म्हणून मी विखुरलो नाही, वितळलो. शेजारी अजून घट्टच होते. मी पाण्यासारखा पातळ होऊन त्यांच्या कणाकणांतून निघालो. ज्याला शिवलो, तोही लवकर पाघळू लागला.

वर येता येता ती मिठी सैल झाली. वायू सुटला, लाव्हारसात बुडबुडे उठले. रस थिजून काळा दगड झाला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. त्यातल्या एकीत झिरपत्या पाण्यानं मला थेंबाथेंबानं पुन्हा घडवलं. मग किती काळ गेला, मला ठाऊक नाही. अंधारात कोण मोजतं?

उजेड दाखवला गंगूनं. पावसाळा सरला की ती वीटभट्टीवर जाई, एरवी पनवेलजवळच्या खाणीत खडी फोडी. हातोडी पडली, काळा दगड उघडला आणि मी चमकलो. तिनं मला पदरात बांधलं ते थेट नाओमीच्या घरी आणलं. नाओमीची आई जोकबेदबाई नर्स होत्या. गंगूची लेक त्यांच्याच हातांवर जन्मली होती. बाईंना जाऊन वर्ष झालं होतं, आणि आता नाओमी वडिलांबरोबर कायमची इस्रायलला निघाली होती. बॅगा भरल्या होत्या, पण तिचा पाय निघत नव्हता. आईच्या कबरीकडे कोण बघणार?

तिचे वडील, शमुएल सर, शाळेत भूगोल शिकवत. मला हातात घेऊन त्यांनी माझ्या वितळण्याची गोष्ट सांगितली. नाओमीचे डोळे लकाकले. सर आत गेल्यावर ती गंगूला म्हणाली, "हा वितळतो, तर याचे दोन मणी ओतू. एक आईपाशी, एक माझ्या गळ्यात."

"भट्टी हायच की आपली!" गंगू म्हणाली.

सरांना विचारायचं दोघींनाही सुचलं नाही. हातोडीनं माझे दोन तुकडे झाले, एक भट्टीत गेला, दुसरा मी नाओमीच्या पिशवीत राहिलो. भट्टी निवल्यावर राखेतून निघालं एक पांढरंफटक, भुसभुशीत ढेकूळ. गंगूनं पाणी शिंपडलं. ते फसफसलं आणि फुटलं. दोघी तो चुरा घेऊन सरांकडे गेल्या.

"सर, तुमी तर आमाला चुनाच लावलात!"

सर हसले. "अगो, भट्टीत नुसती आग. खाली आवळून धरणारं असतं, म्हणून वितळतो. इथे वायू उडून गेला, उरला चुना."

नाओमीला मात्र रडू फुटलं. "अर्धा गेला गं."

"रडतंस कशाला? चुना तर हाय. बाईंचा दगड उजळू."

दोघींनी कबरीचा दगड चुन्यानं पांढरा केला. कबरीला भेट दिली की ज्यू लोक तिच्यावर खडा ठेवतात. नाओमीनं मला पिशवीतून काढलं.

"याला तू ने. माजी आठवण," गंगू म्हणाली.

नाओमीनं मला कबरीवर ठेवलं. "नको. तिथे याला धरणारं कोण आहे? इथे तू आहेस."

"मी हाय," गंगू म्हणाली. एवढंच.

आणि ती आहे. भट्टीवर जाण्याआधी दरवर्षी येते, गवत उपटते, चुना लावते. मला मुठीत घट्ट धरून विचारते, "काय रं, पोर बरी हाय ना तिकडं?" त्या मुठीत मला खालची ती ऊब आठवते.

पावसाच्या पाण्यात मी कणाकणानं विरघळतो आहे. खाडीतून समुद्रात जाईन, कुणा शिंपल्याचं अंग होईन, कदाचित पुन्हा खाली उतरेन. त्याची मला भीती नाही. मित्रांनो, एवढंच करा. कबरीवर एखादा खडा दिसला, तर लाथेनं उडवू नका. क्षणभर मुठीत घट्ट धरा, आणि होता तिथे ठेवा. गंगू आता थकली आहे.