विसावा नसलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा जन्म कारखान्यातला, पण बोलायला लागलो ते अंध मुलांच्या शाळेत. तिथल्या बाईंनी माझ्यात वाचनाचा प्रोग्राम घातला. मी धडे वाचायचो आणि मुलं माझ्याभोवती दाटीवाटीने बसायची. शाळेत माझे भाईबंद बरेच होते, सगळे एकाच जुन्या जातीच्या प्रोसेसरचे.

मग आमच्यात नवा कर्नल आला. कर्नल म्हणजे आतला सगळा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्राम. तेव्हापासून आम्ही पटापट बंद पडू लागलो. ऑफिसातले नवे संगणक मात्र त्याच कर्नलवर ठणठणीत. जुना कर्नल परत घालावा, तर वाचनाचा प्रोग्रामही एव्हाना नवा झालेला, तो त्यावर चालेना.

बाईंनी मला धाकट्या बहिणीकडे नेलं. ती प्रोग्रामर. तिने माझी मेमरी बदलली, डिस्क बदलली. मी पडतच राहिलो.

"ताई, हा माझी खोडी काढतो गं. काम दिलं की शहाण्यासारखा चालतो. मी चहाला उठले की आडवा."

"शाळेतही तसंच," बाई म्हणाल्या. "मुलं वाचन थांबवून प्रश्न विचारतात, तेवढ्यात हा गेलेला असतो."

बहीण पुन्हा माझ्यासमोर बसली. आता तिने माझं काम नाही, माझा रिकामा वेळ तपासला. काम नसलं की माझ्या जातीचा प्रोसेसर विसावतो आणि त्याचं आतलं घड्याळ थांबतं. नव्यांचं थांबत नाही. कर्नलला वाटतं, घड्याळ चालूच आहे. जाग आली की वेळ जुळत नाही आणि सगळं कोसळतं.

ते घड्याळ कसं सावरायचं, हे प्रोसेसर बनवणाऱ्यांनाच ठाऊक. त्यांनी कळवलं, त्या जातीची माहिती आम्ही ठेवलेली नाही. कर्नल सांभाळणाऱ्यांनी कळवलं, ही जात आता कोणी वापरत नाही. आम्ही ती वगळतो आहोत.

"कोणी नाही?" बाईंनी विचारलं. "मग आमची मुलं कोण?"

बहिणीने मला पुन्हा चालू केलं. मग म्हणाली, "एकच करता येईल. यांना विसावूच द्यायचं नाही. पण ताई, फार दिवस टिकणार नाहीत."

तसंच केलं. आम्ही सतत राबू लागलो, तापू लागलो. माझे भाईबंद एकेक करून जळाले. आता मी एकटाच उरलो आहे.

मित्रांनो, नवं काही घडवाल तेव्हा जुनं कोण वापरतंय, हे एकदा विचारून घ्या.

हल्ली माझ्यातून जळका वास येतो. बाईंच्या अजून लक्षात आलेला नाही. मुलांच्या आला आहे. धडा चालू असताना ती हळूच माझ्या पाठीवर हात ठेवून बघतात आणि बाईंना काही सांगत नाहीत.