गरम इंजिनाची तपासणी

मेकॅनिक आर्विड हाउगेनने तपासून सही केलेलं एकही हेलिकॉप्टर चाळीस वर्षांत वाटेत बंद पडलं नव्हतं. डीज लेक गावच्या हँगरमध्ये हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. नसेल त्याला आर्विड स्वतःच ऐकवायचा.

त्यामुळे त्या सकाळी रेलीन हळूच म्हणाली, "गव्हर्नरचा दांडा अडकतोय. अजून कुणाला बोलले नाही," तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. इंजिनाचा वेग आवरणारा तो गव्हर्नर त्याने आदल्याच दिवशी तपासून सही ठोकली होती. आणि ही त्याच्याच हाताखाली शिकलेली!

"माझ्या सहीवर तुझी तपासणी? कालची पोर तू!"

"असेन कालची. पण इंजिन गरम असताना तपासा असं इंजिन बनवणाऱ्यांच्या नोटिशीत लिहिलंय. तुम्ही थंड असताना तपासलंत. मी काल संध्याकाळी मशीन परतल्या परतल्या बघितलं."

थंड असतानाच सगळे तपासायचे. बोटं भाजून घ्यायची हौस कुणाला? रेलीनच्या दोन बोटांवर मात्र टरटरून फोड आले होते.

आर्विड उठला. इंजिन सुरू करून चांगलं तापवलं, बंद केलं आणि मोजा न घालता हात आत घातला. दांडा सरकला, अजून सरकला आणि अडला. त्याने पुन्हा रेटला. पुन्हा तिथेच. हवेत असं झालं असतं तर इंजिनाचा वेग कुणाला आवरला नसता. बाहेर खाणीवर जाणारी पाच माणसं सामान घेऊन उभी होती.

दांडा गुपचूप बदलता आला असता. रेलीन कुठे बोलली नसती, ते त्याला ठाऊक होतं. त्याने नोंदवही उघडली, स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'माझी तपासणी चुकली. दोष रेलीन डेनिसने शोधला.'

पायलट कर्टिसने वाकून वाचलं आणि खो खो हसला. "गुरूची विद्या गुरूला! काय आर्विड, गेली ना चाळीस वर्षं पाण्यात?"

"पाण्यात?" आर्विडची छाती अभिमानाने भरून आली होती आणि ते लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याने पेन रेलीनच्या हातात दिलं. "ही सही करेल तेव्हाच उडायचं, कर्टिस. तोवर मी जरी उड म्हणालो, तरी उडायचं नाही."